मातीविना भाजी: विदर्भातल्या उन्हात आणि पाण्यात ती कशी जमवावी

मातीविना शेतीच्या चित्रफिती आता खेड्यापाड्यांतल्या मोबाईलवरही रोज दिसतात. पांढऱ्या पाइपांच्या रांगा, त्यांतून डोकावणारी हिरवीगार पाने आणि जोडीला 'नव्वद टक्के पाणी वाचवा, गच्चीवर लाखो कमवा' असा दावा, हे पाहून ज्यांच्याकडे वावर आहे ते विचारतात की जमीन असताना हा खटाटोप कशाला, आणि ज्यांच्याकडे घरापुढचे अंगण तेवढे आहे ते विचारतात की आपल्याला हे जमेल का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. विदर्भातल्या खेड्यात घरापुरती भाजी या पद्धतीने नक्की घेता येते, मात्र हंगाम हिवाळ्याचा असावा, पाणी गोडे असावे आणि पहिली मांडणी पंपाशिवाय चालणारी असावी. या तीन अटी चित्रफितींत सहसा सांगितल्या जात नाहीत, आणि पहिल्याच उन्हाळ्यात रोपे सडली की दोष पद्धतीला दिला जातो.

झाडाला मातीतून काय मिळते?

झाडाला जमिनीतून चार गोष्टी मिळतात: पाणी, पाण्यात विरघळलेली अन्नद्रव्ये, उभे राहायला आधार आणि मुळांना हवा. पहिल्या तीन सर्वांना ठाऊक असतात. चौथी सहज विसरली जाते. भारी काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचून राहिले की पऱ्हाटी पिवळी पडते आणि मलूल होते, ती पाणी कमी पडल्यामुळे नव्हे. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून गेल्याने मुळांचा श्वास कोंडला म्हणून. या चारही गोष्टी दुसऱ्या मार्गाने पुरवता आल्या तर मातीवाचून झाड वाढते. पाण्यात अन्नद्रव्ये विरघळवून, त्या द्रावणावर झाड वाढवण्याच्या या पद्धतीला हायड्रोपोनिक्स म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत यूलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या शास्त्रज्ञांनी १८६० च्या दशकातच नुसत्या क्षारांच्या द्रावणावर रोपे वाढवून दाखवली होती. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिके यांनी १९३० च्या आसपास त्याच तंत्राने टोमॅटोची उंच झाडे वाढवली. आपल्या देशातही १९४६ च्या सुमारास बंगालमधील कालिम्पाँग येथे शोल्टो डग्लस यांनी साध्या साहित्याचे प्रयोग केले. झाडाला एकूण सतरा मूलद्रव्ये लागतात, त्यांपैकी कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हवेतून व पाण्यातून मिळतात, आणि उरलेली चौदा मुळांवाटे क्षारांच्या रूपात घेतली जातात, हे कळण्यात अशा पाण्यातल्या प्रयोगांचा मोठा वाटा आहे.

पंप नको, लाईनही नको

चित्रफितींत दिसणारी पाइपांची मांडणी पंपावर चालते. पाइपच्या तळाशी द्रावणाचा पातळ थर सतत वाहता ठेवायचा, अशी तिची रचना असते. पाइपात साठा जवळपास नसतो, त्यामुळे भर उन्हात लाईन गेली आणि पंप बंद पडला की मुळे बघता बघता सुकू लागतात. ज्या गावात लाईन केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा भरवसा नाही, तिथे नवशिक्याने या मांडणीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवातीसाठी अमेरिकेतील हवाई बेटांवरच्या विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ओळखली जाणारी स्थिर पाण्याची पद्धत योग्य आहे. एका झाकणबंद पेटीत द्रावण भरायचे, झाकणाला भोके पाडून त्यांत जाळीदार पेले बसवायचे आणि पेल्यांत रोपे लावायची. सुरुवातीला पेल्याचा तळ द्रावणात सेंटिमीटरभर बुडालेला असतो. रोप पाणी पीत जाते, तशी पातळी खाली सरकते आणि झाकण व पाणी यांच्यामध्ये दमट हवेची पोकळी तयार होते.

पंधरा-वीस दिवसांचे रोप पेल्यासकट अलगद उचलून पाहिले तर या पद्धतीचे मर्म डोळ्यांना दिसते. वरच्या भागात, पोकळीत लोंबणारी मुळे आखूड, दाट आणि बारीक लव असलेली असतात. ती हवेतून ऑक्सिजन घेतात. खालची मुळे लांब, सरळ आणि गुळगुळीत असून ती पाणी व अन्न घेतात. हवेतल्या मुळांना पाण्यात बुडून राहण्याची सवय नसते. म्हणून पातळी खाली गेलेली पाहून काळजीपोटी पेटी पुन्हा काठोकाठ भरली, तर दोन-तीन दिवसांत रोप मान टाकते. पाणी घालायचेच झाले तर पेटीच्या निम्म्या उंचीपर्यंतच घालावे आणि वरची पोकळी तशीच राहू द्यावी.

आधी पाणी तपासा

पश्चिम विदर्भात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात सोडियमसारखे क्षार भरपूर असतात. झाडाला सोडियमची गरज जवळपास नसते, ते पेटीत साचत राहते आणि मुळांना पाणी ओढणेच जड जाते. इतरत्रही काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट जास्त असतात.

हे तपासण्यासाठी दोन साधने पुरतात. पहिले, पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार दाखवणारा पेनसारखा टीडीएस मीटर, जो काही शे रुपयांत मिळतो. त्यावर २५० च्या आत आकडा आला तर पाणी उत्तम, ५०० पर्यंत असेल तर सांभाळून वापरण्याजोगे, आणि त्यापुढे असेल तर ते या कामाला घेऊच नये. दुसरे, सामू मोजायची पट्टी किंवा थेंबांची बाटली. सामू म्हणजे पाण्याच्या आंबट-अल्कधर्मी गुणाचे माप. सातच्या खाली आंबट, वर अल्कधर्मी. माती परीक्षणाच्या अहवालात हाच आकडा असतो. द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ या दरम्यान हवा. जड पाण्याचा सामू आठच्या आसपास असतो आणि त्या स्थितीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीतल्या संत्र्यावर हे लक्षण आपल्या बागायतदारांनी वर्षानुवर्षे पाहिलेले आहे.

यावर सर्वांत स्वस्त उपाय पावसाचे पाणी हा आहे. दहा फूट लांब-रुंद टिनाच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर नऊशे लिटरच्या आसपास पाणी येते. सांडलवंड धरली तरी दोनशे लिटरचे तीन-चार ड्रम आरामात भरतात. पहिले एक-दोन पाऊस वाहून जाऊ द्यावेत, म्हणजे छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण निघून जाते, आणि त्यानंतरचे पाणी गाळून झाकणबंद ठेवावे. तेही नसेल तर गावातल्या आरओ केंद्राचा जार चालतो. मात्र आरओ यंत्रातून बाहेर फेकले जाणारे पाणी वापरू नये. गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. सामू थोडा जास्त असेल तर सौम्य फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालून तो उतरवता येतो. आम्ल नेहमी पाण्यात घालावे, आम्लावर पाणी ओतू नये, हातमोजे वापरावेत आणि ही बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

कृषी सेवा केंद्रात काय मागावे?

ठिबकवर संत्रा किंवा कापूस घेणाऱ्या शेतकऱ्याला विद्राव्य खते नवीन नाहीत आणि हायड्रोपोनिक्सलाही तीच लागतात. मात्र १९:१९:१९ ची पिशवी आणून ती पेटीत टाकणे ही चूक होते. त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरियाचे नायट्रेट करून देतात. पेटीतल्या पाण्यात तशी जिवाणूंची सोय नसते. शिवाय त्या खतात कॅल्शियमही नसते.

पालेभाजीसाठी १०० लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट ७० ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:००:४५ हे ३० ग्रॅम, मोनो पोटॅशियम फॉस्फेट म्हणजे ००:५२:३४ हे २० ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम असे प्रमाण चालते. वीस लिटरच्या पेटीला याचा पाचवा हिस्सा लागतो; सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा त्यासाठी हवा, चमच्याच्या मापावर विसंबू नये. याशिवाय चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेले राहावे म्हणून खास बनवलेले लोह, १०० लिटरला २ ग्रॅम पुरते. जस्त, बोरॉन, मँगेनीज, तांबे आणि मॉलिब्डेनम यांची गरज इतकी अल्प असते की त्यांसाठी हायड्रोपोनिक्सकरिता बनवलेल्या सूक्ष्म अन्नद्रव्यांचे लहान पाकीट घेऊन त्यावरचे प्रमाण पाळणे सुरक्षित ठरते. त्यात लोह आधीच असेल तर वेगळे घालू नये. फवारणीचे मिश्रण इथे वापरू नये, कारण त्यातले प्रमाण मुळांचा विचार करून ठरवलेले नसते. एवढा हिशेब पहिल्या खेपेला नको वाटत असेल तर 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांत मिळणारे तयार द्रावण घ्यावे.

या दोन बाटल्या वेगळ्या असण्याला कारण आहे. कॅल्शियम नायट्रेट हे सल्फेट किंवा फॉस्फेटबरोबर दाट अवस्थेत मिसळले की जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट यांचा पांढरा गाळ खाली बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही, म्हणजे खत वाया जाते. म्हणून पेटी तीन-चतुर्थांश पाण्याने भरून त्यात बाकीची खते एकेक करून ढवळावीत आणि लिटरभर पाण्यात वेगळे विरघळवलेले कॅल्शियम नायट्रेट सर्वांत शेवटी ओतावे. गोड्या पाण्यात असे द्रावण तयार झाल्यावर टीडीएस मीटरवर साधारण आठशेच्या आसपास आकडा येतो. अगदी कोवळ्या रोपांना निम्मे पातळ द्रावण द्यावे. कॅल्शियम नायट्रेट हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. मोठी बॅग एका घराला खपत नाही. बचत गटातल्या चार-सहा घरांनी मिळून ती वाटून घेतली तर खर्च पेलवतो.

द्रावण कमी झाल्यावर त्यात नेमके काय घालायचे, याबाबत नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो. चुलीवर कढी आटत गेली की कुणी मीठ न टाकताही ती खारट होते, आणि तेव्हा तिला पाणी हवे असते. उन्हाळी हवेत पेटीचे तसेच होते: झाड पाणी जास्त आणि क्षार कमी ओढते, म्हणून पातळी उतरते आणि टीडीएसचा आकडा चढतो. आकडा चढलेला दिसला तर नुसते पाणी घालावे. आकडा उतरलेला असेल तरच पातळ द्रावण घालावे.

पेटी आणि रोपे

फळे किंवा औषधे ज्यातून येतात ती थर्माकोलची पेटी उत्तम, कारण ती बाहेरची उष्णता लवकर आत येऊ देत नाही. आतून काळे जाड प्लॅस्टिक अंथरावे. रंगाची वीस लिटरची बादलीही चालते, मात्र ती स्वच्छ घासलेली आणि बाहेरून आधी काळ्या, मग पांढऱ्या रंगाने रंगवलेली असावी. आत प्रकाशाची तिरीपही जाता कामा नये. झाकणाला चीर राहिली तर आठवडाभरात त्या जागी शेवाळाचा हिरवा पट्टा दिसू लागतो. ते शेवाळ झाडाचे अन्न खाते आणि मेले की पाणी नासवते.

पेल्यात धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा स्वच्छ धुतलेली जाड वाळू भरावी. बी ओल्या स्पंजच्या तुकड्यात किंवा कोकोपीटमध्ये उगवून, दोन खरी पाने आल्यावर पेल्यात बसवावे. पालक, लेट्यूस आणि पुदिना यांनी सुरुवात करावी. पुदिन्याची तर बाजारातून आणलेल्या जुडीतली काडीही पाण्यात मुळे धरते. मेथी महिनाभरात काढणीला येते. सांबार म्हणजे कोथिंबीर; तो उगवायलाच आठ-दहा दिवस घेतो, म्हणून त्याचे बी रगडून दोन भाग करून लावावे आणि धीर धरावा. मुळा, गाजर, कांदा यांसाठी ही पेटी नाही. टोमॅटो आणि मिरची येतात, पण त्यांना द्रावण पुष्कळ लागते आणि बांधणीही करावी लागते. लेट्यूसच्या एका झाडाला पूर्ण वाढीपर्यंत चारेक लिटर द्रावण लागते, यावरून वीस लिटरच्या पेटीत पाच-सहा रोपांपेक्षा जास्त दाटी करू नये हे ठरवता येईल. पेटीला रोज पाच-सहा तास ऊन हवे.

आपला उन्हाळा

पाणी जितके तापते तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. वीस अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तीस अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो, आणि त्याच वेळी मुळांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. कोमट पाण्यात पिथियम नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव फोफावतो. निरोगी मूळ पांढरे आणि ताठ असते. पिथियम लागलेले तपकिरी, बुळबुळीत होते, चिमटीत धरून ओढले तर त्याची साल निघून हाती येते आणि पेटीला कुबट वास सुटतो. ही अवस्था आली की औषध शोधत बसू नये, रोपे काढून टाकावीत.

द्रावण १८ ते २४ अंशांत राहिले तर सर्वांत बरे. चंद्रपूर, नागपूर, अकोला या भागांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा हे शक्य नाही. म्हणून दिवाळीनंतर पेरावे आणि होळीपर्यंत भाजी खावी. होळीनंतर आणखी काही आठवडे ओढायचे असतील तर बादली अर्धी जमिनीत पुरून भोवती ओली वाळू ठेवावी, वर पन्नास टक्के सावलीची शेडनेट बांधावी आणि दुपारी बादलीला ओला बारदाना गुंडाळावा. मे महिन्यात पेटी धुऊन, पालथी घालून ठेवणेच शहाणपणाचे. पावसाळ्यात पेटी वळचणीखाली ठेवल्यास पुदिना टिकतो, पण ढगाळ हवेत बाकी भाज्या लुळ्या वाढतात.

ही भाजी रासायनिक नाही का?

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही तसेच द्यायला हवे. शेणखत घातले तरी मूळ शेणखत जसेच्या तसे घेत नाही. मातीतले जिवाणू ते कुजवतात आणि त्यातले नत्र शेवटी नायट्रेट किंवा अमोनियम या रूपातच मुळात शिरते. त्यामुळे नायट्रेट दिले म्हणजे भाजीत विष गेले असे होत नाही. कीटकनाशकाचा फवारा घरच्या पेटीला सहसा लागत नाही, हा तर खरा फायदा आहे. तरीही पालेभाज्यांत, विशेषतः ऊन कमी आणि खत जास्त असेल तेव्हा, नायट्रेट साठून राहते. त्यासाठी काढणीआधी दोन-तीन दिवस नुसते पाणी द्यावे आणि दिवसभर ऊन खाल्लेली पाने संध्याकाळी काढावीत. जीवामृत किंवा गांडूळपाणी पेटीत घालण्याचा मोह अनेकांना होतो. ते मातीत उपयोगी आहे. पेटीत ते कुजताना मुळांच्या वाट्याचा ऑक्सिजन खाऊन टाकते.

डास होणार नाहीत का?

निष्काळजीपणा केला तर नक्की होतील. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते, पण ही पेटी तर महिनाभर भरलेली राहते. म्हणून पेला भोकात घट्ट बसला पाहिजे, फट असेल तिथे स्पंज कोंबला पाहिजे, पाणी घालायच्या भोकावर बारीक जाळी हवी आणि रोप काढल्यावर रिकामे झालेले भोक त्याच दिवशी बुजवले पाहिजे. ज्या घरात एवढे पाहायला कुणाला सवड नाही, त्या घराने पेटी मांडू नये.

वावर असताना हे कशाला, आणि यात पैसा आहे का?

घरामागे गोड्या पाण्याची विहीर आणि चांगली माती असेल तर परसबागेतली वाफ्यावरची भाजीच स्वस्त आणि सोपी पडते. पेटीचा उपयोग भूमिहीन कुटुंबाला आहे, अंगणात फरशी किंवा मुरूम असलेल्या घराला आहे, खारपाणपट्ट्यात पावसाचे पाणी साठवून चार पेट्या चालवणाऱ्याला आहे, आणि वाकून निंदण न होणाऱ्या वयस्क बायामाणसांनाही आहे, कारण पेटी ओट्यावर ठेवता येते. पाणी वाचते हे खरे, पण ते जमिनीत मुरणे आणि वाफ्यातून उडणे थांबल्यामुळे. झाड स्वतः जितके पाणी पिते तितके पिणारच. नव्वद टक्क्यांचा आकडा मोकाट पाटपाण्याशी तुलना करून सांगितला जातो, ठिबकशी तुलना केल्यास तो बराच खाली येतो.

मक्याच्या हायड्रोपोनिक चाऱ्याबाबतही असाच गैरसमज आहे. एक किलो मक्यापासून आठवडाभरात पाच-सहा किलो हिरवा चारा मिळतो, पण वाढलेले वजन पाण्याचे असते. सुका अंश उलट थोडा घटतो, कारण अंकुर दाण्यातलेच अन्न जाळून वाढतो. हिरवा घास म्हणून तो जनावराला आवडतो, पण कडब्याची जागा तो घेऊ शकत नाही.

धंद्याचे गणित याहून अवघड आहे. लेट्यूसला गिऱ्हाईक मोठ्या शहरातल्या हॉटेलांत असते, तालुक्याच्या बाजारात नसते, आणि आपल्या उन्हाळ्यात पॉलीहाऊस थंड ठेवायला वीज व पाणी दोन्ही लागतात. कुणी उभारणीचे पैसे आधी घेऊन माल परत विकत घेण्याची हमी देत असेल, तर जमीन गहाण टाकण्यापूर्वी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात जाऊन विचारावे आणि आधीचे किमान दोन उन्हाळे काढलेली बाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

पेटी रिकामी झाल्यावर

भाजी काढून झाल्यावर तळाशी उरलेले द्रावण पुढच्या पिकाला वापरू नये. कोणते अन्नद्रव्य संपले आणि कोणते साचले हे टीडीएस मीटर सांगू शकत नाही. ते नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नये, कारण त्यातले नायट्रेट पिण्याच्या पाण्यात उतरते. दुप्पट पाणी मिसळून ते लिंबाच्या, पपईच्या किंवा शेवग्याच्या आळ्यात द्यावे. पेटीतले मुळांचे तुकडे काढून, ब्लीचिंग पावडरच्या सौम्य पाण्याने ती आतून पुसावी, दोनदा साध्या पाण्याने खळखळून धुवावी आणि दिवसभर उन्हात वाळवावी. पेले आणि झाकणही तसेच धुवावे. कोकोपीट पुन्हा न वापरता परसबागेत मिसळावे आणि मग पुढच्या खेपेचे बी भिजत घालावे.